रावपुऱ्याच्या लेटरहेडवरचा अनोळखी टाइप: जुना सेरिफ कसा ओळखायचा आणि त्याची डिजिटल जोडी कशी लावायची

माझ्या मावसबहिणीची मुलगी डॉक्टर झाली आणि तिने बडोद्यात, रावपुऱ्यात, पणजोबांच्याच जागेत दवाखाना थाटायचं ठरवलं. माळा उपसताना पणजोबांच्या लेटरहेडचा एक पिवळा पडलेला कागद सापडला. वर ठसठशीत इंग्रजी कॅपिटलमध्ये 'रावपुरा, बरोडा', त्याखाली त्याच वळणात 'डिस्पेन्सरी', मग तपासणीच्या वेळांची बारीक ओळ आणि तळाशी मराठीत 'बडोदें', अनुस्वारासकट. "मामा, मला नव्या पॅडवर हाच फॉन्ट पाहिजे," ती म्हणाली. फोटो व्हॉट्सॲपवर आला होता, तिरका, ट्यूबलाइटखाली काढलेला, कडा पुसट झालेला. वर प्रश्न, "नाव काय याचं?"

असा प्रश्न माझ्याकडे वर्षाकाठी चारपाचदा येतो. कुणाला आजोबांची लग्नपत्रिका पुन्हा छापायची असते, कुणाला जुन्या मिठाईच्या दुकानाची पाटी, कुणाला पुस्तकाचं मुखपृष्ठ. म्हणून या एका लेटरहेडच्या निमित्ताने सगळी रीत लिहून काढतो. यातली निम्मी मेहनत फॉन्टचं नाव शोधण्यात जात नाही. कागदावर दिसतं ते अक्षर आणि मूळ आखलेलं अक्षर यांच्यात शिसं, शाई, दाब आणि जुळारी (म्हणजे खिळे जुळवणारा कामगार) असे चार मध्यस्थ असतात. आधी त्यांना बाजूला सारावं लागतं आणि शेवटी जोडी लावताना त्यांनाच परत बोलवावं लागतं.

आधी कागद वाचा

अक्षराकडे वळण्यापूर्वी कागदाचा काळ ठरवा. काळ कळला की शेकडो टाइप आपोआप गळतात. टाइम्स न्यू रोमन लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये ३ ऑक्टोबर १९३२ ला पहिल्यांदा छापला गेला. तुमचा कागद १९२५ चा असेल तर तो टाइम्स नाही, कितीही तसा दिसला तरी.

आपल्याकडच्या कागदावर तारखेच्या खुणा भरपूर असतात. 'बडोदा स्टेट' असं लिहिलं असेल तर कागद बहुधा १ मे १९४९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पार्सलच्या लेबलवर 'बी. बी. अँड सी. आय. रेल्वे' असेल तर १९५१ च्या आधीचा, त्या वर्षी पश्चिम रेल्वे झाली. फी रुपये-आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. इंग्रजी 'बरोडा' मात्र फारसं काही सांगत नाही. शहराचं अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं, पण लोक आजही बरोडा लिहितात आणि आपण मराठी माणसं बडोदं म्हणायचं सोडलेलं नाही. मराठी ओळ असेल तर तीही बोलते. 'बडोदें'वरचा तो अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेला. जुन्या वळणाची माणसं पुढेही तो देत राहिली, त्यामुळे हा पुरावा पक्का धरू नका, साक्षीदार म्हणून ठेवा.

आमच्या कागदावर पिनकोड नव्हता, फी दीड रुपया म्हणजे '१ रु. ८ आणे' होती आणि 'स्टेट' हा शब्द होता. म्हणजे १९४९ च्या आतलं.

आता कागद उलटा करा. मागून बोट फिरवल्यावर अक्षरांचा उठाव लागतो का? लागला तर खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी केलेली छपाई. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर अक्षराची कड पाहा. खिळ्याने छापलेल्या अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार होते, आतला भाग थोडा फिकट राहतो. ऑफसेटमध्ये अशी किनार दिसत नाही. हा फरक पुढे फार कामाला येतो.

छापखान्याचं नाव शोधा. लेटरहेडच्या तळकोपऱ्यात, पुस्तकाच्या मुखपानामागे किंवा शेवटच्या पानावर ते बारीक अक्षरांत सापडू शकतं. सापडलं तर त्याच छापखान्याचे आणखी कागद मिळवा. छोट्या छापखान्यात इंग्रजीच्या मोजक्याच केसेस, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, असत, त्यामुळे एका कागदावर न दिसलेलं क्यू किंवा जी दुसऱ्यावर हमखास मिळतं. बडोद्यात यासाठी मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभरची ग्रंथालयं उभी केली, त्या योजनेचं हे मुख्य घर. संस्थानकाळातल्या पुस्तकांची मुखपानं पाहणं हे माझ्या मते कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं शिक्षण आहे.

स्कॅन

यात फार सांगण्यासारखं नाही. फ्लॅटबेड स्कॅनर, किमान ६०० डीपीआय, बारीक अक्षरांसाठी १२००. रंगीत किंवा ग्रेस्केल घ्या. 'ब्लॅक अँड व्हाइट' मोडमध्ये कधीच नको, त्यात स्कॅनर स्वतःच ठरवतो कुठे काळं आणि कुठे पांढरं, आणि बारीक रेघा उडतात. कागदाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करा म्हणजे माप कायमचं चिकटून राहतं. फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हवर पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

माप घ्या. कॅपिटल अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. खिळ्याचा एक पॉइंट ०.३५ मिलिमीटरचा आणि कॅपिटलची उंची साधारणपणे खिळ्याच्या अंगाच्या दोन तृतीयांशाहून थोडी जास्त. आमची कॅपिटल ६ मिलिमीटर भरली, म्हणजे अंग साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे २४ पॉइंट. खिळे ठरावीक मापांतच ओतले जात, ६, ८, १०, १२, १४, १८, २४, ३०, ३६, ४८ असे. त्यामुळे तुमचं उत्तर २३ किंवा २५ आलं तर ते २४ च समजा.

टाइप आहे की ब्लॉक?

ही पायरी लोक गाळतात आणि मग आठवडाभर नसलेला फॉन्ट शोधत बसतात. जुन्या कागदांवरचं बरंचसं मोठं अक्षर टाइप नसतंच. चित्रकाराने हाताने आखून, जस्ताचा ब्लॉक करून छापलेलं असतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. पुन्हा आलेलं अक्षर शोधा आणि स्कॅनमध्ये एकमेकांवर ठेवून पाहा. एकाच टाइपची अक्षरं एकाच साच्यातून ओतलेली, त्यांचा सांगाडा एकच असणार. टोक तुटेल, शाई कमीजास्त होईल, पण प्रमाण बदलणार नाही. हाताने आखलेल्यात प्रत्येक अक्षर थोडं वेगळं येतं.

'रावपुरा, बरोडा' या दोन शब्दांत इंग्रजी ए चार वेळा, आर तीन वेळा आणि ओ दोन वेळा येतो. आर तिन्ही जुळले, ओ दोन्ही जुळले. चारपैकी तीन ए जुळले. चौथा, 'बरोडा'तला शेवटचा, अंगाने अरुंद आणि त्याच्या शेंड्यावर खाच.

इथे मी फसलो होतो. ही जुळणी मी सगळ्यात आधी करायला हवी होती, ती केली दोन दिवसांनी. त्याआधी मी स्कॅनमधला सगळ्यात स्वच्छ छापलेला ए निवडून त्याच्यावरूनच शोध घेतला आणि शेंड्याला खाच म्हणजे कॅस्लन हा जुना इंग्रजी टाइप, असं ठरवून बसलो. कॅस्लनचा ए तसा असतोच. पण स्वच्छ का, तर तो दुसऱ्याच केसमधला, कमी वापरलेला खिळा होता. छापखान्यात या टाइपचे तीनच ए शिल्लक असावेत आणि जुळाऱ्याने चौथा शेजारच्या केसमधून उचलला. प्रूफ वाचणारे याला 'राँग फाँट' म्हणतात आणि कडेला खूण करतात. इथे कुणी केली नाही, किंवा केली आणि दुसरा ए मिळालाच नाही.

तेव्हापासून मी एका अक्षरावर विश्वास ठेवत नाही. किमान पाच अक्षरं एकाच दिशेला बोट दाखवतील तेव्हाच पुढे जायचं.

अक्षर पाहण्याचा क्रम

सेरिफ म्हणजे दांड्याच्या टोकाला फुटलेला पाय. तो तीन-चार तऱ्हेचाच असतो आणि पहिली विभागणी त्यावरच करायची. पाय दांड्यात गोलाईने मिसळतो का? मिसळत असेल आणि 'ओ'ची जाडी तिरकी कललेली असेल तर जुन्या वळणाचं घराणं, कॅस्लन वगैरे. पाय केसासारखा बारीक, सपाट आणि 'ओ'ची जाडी सरळ उभी असेल तर बोडोनीचं किंवा एकोणिसाव्या शतकातल्या 'मॉडर्न' टाइपचं. पाय दांड्याइतका जाड पण सांध्याला गोलाई असेल तर क्लॅरेंडन. पाय सुजल्यासारखा, कडा नसलेला असेल तर कूपरच्या बाजूचं काहीतरी. बास्करव्हिल पहिल्या दोन गटांच्या मध्ये बसतो, त्यामुळे त्याच्याबाबत घोटाळा होतो.

मग ओळखीची अक्षरं. कॅपिटल क्यूची शेपटी, कॅपिटल आरचा पाय, स्मॉल जीचं खालचं पोट, स्मॉल ईची आडवी रेघ, कॅपिटल जे ओळीच्या खाली उतरतो की नाही, डब्ल्यूचे मधले दांडे एकमेकांना छेदतात की नुसते भेटतात, आणि अँडची खूण. अँडची खूण मिळाली तर लॉटरीच, कारण तिथे आखणारा हात मोकळा सोडतो. बास्करव्हिलमध्ये कॅपिटल सीला वर आणि खाली दोन्हीकडे सेरिफ असतो आणि स्मॉल जीचं खालचं पोट मिटलेलं नसतं. चेल्टनममध्ये कॅपिटल एचा शेंडा डावीकडे बाहेर डोकावतो. गौडी ओल्ड स्टाइलमध्ये स्मॉल आयचा टिंब गोल नसून चौकट पत्त्यावरच्या खुणेसारखा असतो. क्लॅरेंडनच्या आरचा पाय शेवटी वर वळतो.

आकडेही पाहा. सगळे एका उंचीचे आहेत की ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली लोंबतात? दवाखान्याच्या वेळा, फी, टेलिफोन, सगळं आकड्यांतच असतं, त्यामुळे लेटरहेडवर हा पुरावा फुकट मिळतो.

आमच्याकडे क्यू नव्हता, जी नव्हता, डब्ल्यू नव्हता. पण जे होतं ते नशिबाने बोलकं होतं. पी आणि आर यांची वरची पोटं अवाढव्य, आरचा पाय त्यामुळे आखूड, जणू कमरेचा पट्टा गुडघ्यावर बांधलाय. आणि 'डिस्पेन्सरी' या शब्दात स्मॉल ई, एन आणि ए तिन्ही आले होते. ईची आडवी रेघ तिरकी. एन आणि एचा उजवा दांडा सरळ न उतरता बाहेरच्या बाजूला कललेला. कॅस्लनमध्ये यातलं काही नाही. राँग फाँटचा ए बाजूला काढल्यावर मला हे दिसलं. दोन दिवस ते समोरच होतं.

सेरिफला मऊ गोलाई, अंगाने भरलेला, पोटं खाली उतरलेली, दांडे कललेले. असा टाइप मला एकच आठवत होता, विंडसर. शेफिल्डच्या स्टीफनसन ब्लेक या फाउंड्रीचा, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्याचा, एलिशा पेची यांनी आखलेला. पेची १९०२ मध्ये वारले आणि टाइप १९०५ च्या सुमारास बाजारात आला. आपल्या १९४९ च्या आतल्या कागदाला ते बसतं. पण आठवण म्हणजे ओळख नव्हे, म्हणून पुढची पायरी.

यंत्राला विचारणं

व्हॉट-द-फॉन्ट, फॉन्ट स्क्विरलचा मॅचरेटर यांसारखी साधनं चित्र घेऊन जवळचे फॉन्ट सुचवतात. त्यांना द्यायचं चित्र तयार करावं लागतं. एकच ओळ कापा, सरळ करा, पार्श्वभूमी पांढरी करा, चिकटलेली अक्षरं एकमेकांपासून सोडवा, राँग फाँटचं अक्षर काढून टाका. मी दोन चित्रं देतो, एक जसंच्या तसं आणि दुसरं शाईचा फुगवटा थोडा कमी करून. दोन्ही याद्यांत जे नाव येतं त्याकडे बघायचं.

यंत्राच्या उत्तराची मर्यादा समजून घ्या. त्याच्याकडे जे डिजिटल फॉन्ट आहेत त्यांतूनच ते शोधतं. शिशात ओतला गेला पण संगणकात कधी आलाच नाही असा टाइप त्याला सापडणार नाही, आणि 'सापडला नाही' असं ते म्हणणारही नाही. पूर्ण आत्मविश्वासाने भलत्यालाच पुढे करेल. म्हणून पहिलं नाव उचलू नका, यादीचा कल बघा. आमच्या यादीत वरची जागा जाड मऊ फॉन्टनी भरली होती, विंडसर खाली चौथा की पाचवा.

आयडेंटिफॉन्ट वेगळ्या वाटेने जातं. ते प्रश्न विचारतं, क्यूची शेपटी कुठे, जे खाली उतरतो का, असे, आणि उत्तरांवरून यादी आखडत नेतं. चित्र खराब असेल पण तुम्हाला अक्षर नीट दिसत असेल तर हेच बरं. न दिसणाऱ्या अक्षरावर अंदाज ठोकू नका, 'माहीत नाही' निवडा. चुकीच्या एका उत्तराने बरोबर फॉन्ट कायमचा बाहेर जातो.

खरा निकाल मात्र जुन्या कॅटलॉगमध्ये लागतो. टाइप फाउंड्रींची नमुना-पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला आहेत, अमेरिकन टाइप फाउंडर्सचं १९१२ चं आणि १९२३ चं जाडजूड पुस्तक तर रात्र रात्र चाळण्यासारखं आहे. आपल्याकडच्या इंग्रज अमलातल्या कागदांसाठी मी ब्रिटिश फाउंड्री आधी पाहतो, मग अमेरिकन, आणि मुंबईच्या गुजराती टाइप फाउंड्रीसारख्या देशी ओतकामाची आठवण ठेवतो. तुमचं माप जितकं, त्याच मापाचा नमुना बघा. २४ पॉइंटचा कागद ८ पॉइंटच्या नमुन्याशी ताडू नका, कारण शिशात प्रत्येक मापासाठी अक्षर वेगळं कोरलं जाई. लहान मापात ते रुंद आणि धट्टंकट्टं, मोठ्या मापात नाजूक. एकाच टाइपची ही दोन रूपं शेजारी ठेवली तर भाऊ वाटतील, जुळे नाही वाटणार.

नावांच्या बाबतीत सोवळं नको. रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने १८४५ मध्ये क्लॅरेंडनची रीतसर नोंदणी केली, पण संरक्षण तीन वर्षांचंच होतं आणि ते संपताच बाकीच्यांनी नकला ओतल्या. विद्युत विलेपनाने दुसऱ्याच्या खिळ्यावरून साचा करणं सर्रास चाले. म्हणजे एकच वळण पाच नावांनी सापडेल आणि एका नावाखाली पाच वळणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'गॅरामाँ' म्हणून पुन्हा ओतलेले कित्येक टाइप मुळात जाँ जानाँ या दुसऱ्याच माणसाचे होते, हे टाइपच्या अभ्यासक बिअॅट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं. तरी नावं तीच राहिली. तुम्हाला वळण सापडलं की काम झालं.

आमचं वळण सापडलं. पी, आर, ई, एन, ए, पाचही अक्षरं विंडसरच्या नमुन्याशी जुळली.

बारीक ओळीचं दोन मिनिटांत झालं. 'ओ'ची जाडी सरळ उभी, केसासारखे सेरिफ, सी आणि एच्या टोकाला थेंब. एकोणिसाव्या शतकातला 'मॉडर्न' टाइप, जो जगभर इतका वापरला गेला की त्याचा बाप विचारण्यात अर्थ नाही.

डिजिटल जोडी

आता दोन वाटा. पहिली, त्याच नावाचा विकत मिळणारा फॉन्ट घ्यायचा. विंडसरच्या डिजिटल आवृत्त्या आहेत, एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या. विकत घेताना परवाना वाचा, कारण छपाईचा, वेबसाइटचा आणि ॲपचा परवाना बऱ्याचदा वेगवेगळा विकला जातो. दवाखान्याच्या पॅडला छपाईचा पुरतो, पण उद्या वेबसाइट काढायची असेल तर आत्ताच विचारून ठेवा.

दुसरी वाट खुल्या परवान्याची. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, धंद्यासाठीही विनामूल्य. जुन्या सेरिफांसाठी माझ्या वहीतली यादी अशी. कॅस्लनसाठी लिब्रे कॅस्लन, त्यात मजकुरासाठी 'टेक्स्ट' आणि मथळ्यासाठी 'डिस्प्ले' असे वेगळे कट आहेत. बास्करव्हिलसाठी लिब्रे बास्करव्हिल, पण तो पडद्यासाठी रुंद केलेला आहे, कागदावर मला थोडा पसरट वाटतो. बोडोनीसाठी बोडोनी मोडा. क्लॅरेंडनसाठी बेस्ली, नावातच कबुली आहे. गौडीसाठी सॉर्ट्स मिल गौडी. गॅरामाँसाठी ईबी गॅरामाँ. जुन्या मॉडर्न टाइपसाठी ओल्ड स्टँडर्ड, जो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्याच्या सुरुवातीची छपाई समोर ठेवूनच केला आहे. आमच्या बारीक ओळीला तोच लावला, काहीही न बदलता.

विंडसरची तंतोतंत फुकट जोडी माझ्या माहितीत नाही. सर्वांत जवळचा फ्रॉन्सेस. तो विंडसर, सूवेनिर आणि कूपर यांच्या घराण्याला समोर ठेवून आखला आहे आणि तो व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे त्याला सरकपट्ट्या असतात. जाडी १०० ते ९००, मापानुसार बदलणारं रूप ९ ते १४४, कडांचा मऊपणा ० ते १००, आणि चौथी 'वॉन्क' नावाची गमतीची कळ. ती लावली की एन, एम, एच यांचे दांडे कलतात. विंडसरची अर्धी ओळख तिथेच येते. उणीव पी आणि आरमध्ये आहे, त्यांची पोटं विंडसरइतकी मोठी नाहीत.

सरकपट्टी अंदाजाने हलवू नका, मोजा. जुन्या कागदावर आरच्या उभ्या दांड्याची रुंदी आणि अक्षराची उंची यांचं गुणोत्तर काढा. आमचं १.१ ला ६ आलं, म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास. फ्रॉन्सेस त्याच उंचीचा करून दांडा तेवढा भरेपर्यंत जाडी वाढवा. मापाची पट्टी २४ वर ठेवा, कारण मूळ खिळा २४ चा होता. मग मऊपणा वाढवत न्या आणि शाईच्या फुगवट्याशी कड जुळली की थांबा. हीच चूक सगळ्यात जास्त होते: लोक मूळ आखणीशी इमानदार असलेला फॉन्ट घेतात, तो लेझर प्रिंटरवर काढतात आणि 'जुन्यासारखा दिसत नाही' म्हणून कुरकुरतात. दिसणारच नाही. जुना दिसतो त्यात दाबलेल्या शाईची जाडी धरलेली आहे, ती आता तुम्हाला द्यायची आहे. साध्या फॉन्टला सरकपट्टी नसेल तर बाह्यरेषेला ०.१ पॉइंटची जाडी देऊन बघा. फाटक्या कडांचे, डाग पडल्याचे तयार इफेक्ट मात्र वापरू नका. पणजोबांचा छापखाना चांगली छपाई करायला बघत होता, डाग पाडायला नाही.

अंतराचंही तसंच. शिशाच्या खिळ्याला चौकोनी अंग असे, त्यामुळे ए शेजारच्या अक्षराच्या कुशीत शिरत नसे आणि मथळ्यात मुद्दाम पट्ट्या घालून अक्षरं विरळ केली जात. आजचं सॉफ्टवेअर आपोआप केर्निंग करून आर आणि एला जवळ ओढतं. मथळ्यापुरतं ते बंद करा आणि जुन्या स्कॅनवर ठेवून अंतर जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि फॉन्ट बदलण्यापेक्षा जास्त फरक त्यानेच पडतो.

रुपयाची खूण तपासा. ती २०१० ची आहे, त्यामुळे आधी केलेल्या काही फॉन्टमध्ये नसते आणि फीच्या ओळीत चौकोन उमटतो.

मराठी आणि गुजराती ओळ

बडोद्याचं लेटरहेड एका लिपीत भागत नाही. मराठी घराणं, गुजराती रुग्ण, इंग्रजी पदवी. तिन्ही ओळी एका घरच्या वाटल्या पाहिजेत.

मराठीसाठी आधी ल आणि श पाहा. आपला ल आणि हिंदीचा ल वेगळा, श तसाच. पुष्कळ फॉन्ट हिंदी रूप आधी दाखवतात आणि मराठी रूप भाषा निवडल्यावर देतात. जुन्या कागदावर मुंबई वळणाचे अ, झ, ण असतील. जावजी दादाजींच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याने जे वळण घडवलं त्याची सावली अशा छपाईवर दिसते. टायरो देवनागरी मराठी इथे चांगला बसतो, आपली अक्षरं त्यात पहिल्यापासून आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही पाहून घ्या. मी टायरो घेतला, कारण त्याचा जाड-बारीक फरक ओल्ड स्टँडर्डच्या शेजारी शोभला.

गुजरातीसाठी रासा किंवा नोटो सेरिफ गुजराती. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे तोच पॉइंट देऊन ओळ छोटी-मोठी दिसते. आकडा विसरा, मधल्या अक्षराची उंची मराठी ओळीच्या शिरोरेषेखालच्या उंचीशी जुळवा.

पडताळा आणि छपाई

पडद्यावर निकाल देऊ नका. नवी ओळ मूळ मापातच, शक्यतो तशाच पिवळसर बिनचकाकी कागदावर छापा. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून हातभर लांबून, डोळे बारीक करून पाहा. दोन्ही ओळी सारख्याच गडद दिसल्या तर जोडी लागली. नंतर भिंगाने फरक दिसतील, दिसू देत. घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने मूळ कागद वापरात पाहिला आहे. भाचीच्या आजीने दोन्ही कागद हातात घेतले आणि नव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आर बारीक झाला." पी आणि आरची पोटं तिने पकडली. मग ती दोन अक्षरं मी स्कॅनवरून हाताने आखली आणि फ्रॉन्सेसमध्ये बसवली. खुल्या परवान्यात बदलाची मुभा असते. मात्र बदललेला फॉन्ट पुढे कुणाला देणार असाल तर तोच परवाना लावा आणि मूळ नाव राखीव असेल तर नवं नाव द्या.

छापखान्याला फाइल देताना सगळ्या अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या, नाहीतर त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला की ओळ भलत्याच अक्षरात छापून येते. मराठी-गुजराती ओळी बाह्यरेषा केल्यावर पुन्हा वाचा, जोडाक्षरं कधीकधी इथेच फुटतात. स्वतःकडे एका पानावर नोंद ठेवा: कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, चारही सरकपट्ट्यांचे आकडे, अंतर, परवाना. दोन वर्षांनी पॅड संपतो आणि कुणालाच काही आठवत नसतं.

राहता राहिला तो 'बरोडा'तला शेवटचा ए. मी अर्थातच दुरुस्त करून बाकीच्या तिघांसारखा केला होता. भाचीने पहिलं प्रूफ पाहिलं आणि विचारलं, "मामा, तो खाचेचा ए कुठे गेला?" आता त्या एका अक्षरासाठी फाइलमध्ये लिब्रे कॅस्लन बसवला आहे. छापखान्यातल्या पोऱ्याने फोन करून विचारलं की साहेब, एक अक्षर चुकलंय, दुरुस्त करू का. पानावरच्या नोंदीत मी शेवटी एक ओळ वाढवली: शेवटचा ए मुद्दाम आहे, हात लावू नये.